नामसानचं पंचलिंग

सहलीचं नियोजन कसं करावं, हे कुणीही यावं आणि माझ्याकडून शिकावं! एकतीस वर्षं लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, दरवर्षी शंभर-दीडशे पोरं घेऊन सहली काढल्या आणि जेवढी नेली तेवढी परत आणली. (एकदा एक जास्त आलं होतं. ते रेणापूरच्या शाळेचं निघालं.) त्यामुळे आमची लेक रुद्राणी, जी कोरियात सोलला संशोधन करते, तिच्याकडे आठ दिवस जायचं ठरलं तेव्हा मी तिला फोनवर ठणकावून सांगितलं, "तू काही बघू नकोस. उंचावरून शहर दिसतं अशा सगळ्या जागा मी हुडकल्यात. वेळेसकट तक्ता तयार आहे!"

तक्ता होताच तसा देखणा. नदीकाठची पिवळ्या फुलांची टेकडी, जुन्या तटबंदीची वाट, एकशे तेवीस मजल्यांचा मनोरा आणि शेवटी शनिवारी नामसान. नामसान म्हणजे शहराच्या मधोमध उभा असलेला डोंगर, वर जायला रोपवे.

"अप्पा, तक्ता छान आहे," रुद्राणी म्हणाली, "फक्त एवढं सांभाळा, इथं कुणी भलतंसलतं काही करत नाही. माझ्या संशोधनाची पाच वर्षांची मुदतवाढ आमच्या विभागप्रमुख किम बाईंच्या सहीवर अडलीय. तुम्ही परत गेल्यावर पत्र निघेल. आणि शनिवारी त्या स्वतः तुम्हाला भेटायला नामसानवर येणार आहेत."

झालं! आपल्या हातून काही वेडंवाकडं झालं तर पोरीचं पत्र बोंबललं! मी लगेच बायकोसाठी अकरा सूचना लिहून काढल्या. मोठ्यानं बोलू नये, अनोळखी माणसाला जेवायला बोलावू नये, कुणाच्या लेकराचा गाल ओढू नये, असल्या.

शिवकन्येनं सूचना बाजूला ठेवल्या आणि तक्ता वाचला.

"आवो, ह्या चारी जागंवर देव कोनता हाय?"

"देव नाही. तिथं नुसतं बघायचं असतं."

"वर देव न्हाई आन् मानसं डोंगर चढायलेत? वर जाऊन करायचं काय मग?"

"खाली बघायचं!"

"खालूनच तर आलो की आपन!"

आमच्याकडे टेकाड दिसलं की वर महादेव, नाहीतर देवी, नाहीतर दर्गा असायचाच. उगीच हवा खायला डोंगर चढलेला माणूस आमच्या भागात पाहण्यात नाही. त्यात शिवकन्येचं माहेर उदगीरचं, घराणं कट्टर शिवभक्त. शिवाय लेकीच्या पत्रासाठी तिनं नवस बोलून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या तिन्ही जागा सुखरूप पार पडल्या. नाही म्हणायला प्रत्येक ठिकाणी ही मागच्या अंगाला जाऊन काहीतरी शोधून यायची. एकशे तेवीस मजल्यांच्या त्या मनोऱ्यावर काचेच्या फरशीवर उभी राहून, पायाखाली मोटारी मुंगीएवढ्या दिसत असताना म्हणाली, "एवढं वर बांधलं, पन एक कोनाडा ठिवला न्हाई!" मी मात्र डोळे मिटून भिंतीला धरून उभा होतो.

शनिवार उजाडला. वर पोचलो तेव्हा किम बाईंना यायला दहा मिनिटं होती. शिवकन्येचे गुडघे कुरकुरत होते. तिला एका बाकावर बसवलं आणि बजावलं, "इथून हलायचं नाही. आम्ही बाईंना रोपवेपाशी घ्यायला जातो."

"मी कशाला हलायले?" ती म्हणाली.

इतक्या पटकन ऐकलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

किम बाई आल्या. साठीच्या, ताठ, चेहरा कोऱ्या पाटीसारखा. त्यावर राग आहे की आनंद, काही कळायला मार्ग नाही. मी कंबरेत वाकून नमस्कार केला, त्या वाकल्या, मी परत वाकलो, असं चार वेळा झालं. मग आम्ही बाकापाशी आलो.

बाक रिकामं!

"अप्पा, आई कुठाय?" रुद्राणीचा आवाज चिरकला.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला. ओळखीचा. आमच्या देवघरातल्या उदबत्तीचा!

धावत कोपऱ्यावरून वळलो. समोर एका ओळीत पाच जुनी दगडी बांधकामं उभी होती. डोक्याइतकी उंच, वर निमुळती, गोल होत गेलेली. त्यांच्या पुढ्यातल्या कठड्यावर पाच ठिकाणी भस्माचे तीन-तीन पट्टे ओढलेले. प्रत्येक ठिकाणी पट्ट्यांखाली, दगडाच्या फटीत खोचलेली उदबत्ती. पाच उदबत्त्या, पाच धूर! आणि शिवकन्या चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून उभी. आजूबाजूला वीस-पंचवीस लोक अदबीनं फोटो काढत होते.

"अगं, हे काय?" मी ओरडलो. अकरापैकी पहिली सूचना मीच मोडली!

"पंचलिंग!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी म्हनले देव न्हाई. ह्ये बघा, पाच-पाच हायेत! तुमच्या तक्त्यातच न्हाई लिव्हलं!"

"काडेपेटी कुठून आणलीस?"

"लायटर घेतला, तिथल्या दुकानातून. खुना करून मागितला. लई भला मानूस."

शेजारी भलीमोठी पाटी होती. त्यावर पेटत्या ज्योतीचं चित्र आणि त्यावर लाल काट. डोंगरावर विस्तव पेटवायला सक्त मनाई! आणि पाटीपलीकडून एक गार्ड आमच्याच दिशेनं पळत येत होता.

गार्ड कोरियन भाषेत काहीतरी म्हणाला. रुद्राणी आईकडे धावली. "आई, विझव! आधी विझव!"

शिवकन्या हातानं वारा घालू लागली. धूर दुप्पट झाला! गार्ड खाली वाकला आणि त्यानं पहिल्या उदबत्तीवर फुंकर मारली.

"अगाई! तोंडानं फुकलं!" शिवकन्या किंचाळली. "उष्टी केली! सांग की गं त्याला, असं फुकत न्हाईत म्हनून!"

मी रुमाल काढून पट्टे पुसायला धावलो. "आवो, देवाचं भस्म पुसायले तुमी?" ती माझ्यावर घसरली. गार्डनं वही काढली. पासपोर्ट मागितला. शिवकन्या राजशेखर धोंडप्पा एवढं नाव काही त्याच्या रकान्यात मावेना. तो दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहू लागला. मला समोर फक्त पोरीचं पत्र दिसत होतं. फाडलेलं!

आणि किम बाई? त्या हाताची घडी घालून शांतपणे पाचही धूर मोजत होत्या. मग त्या रुद्राणीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मी कुजबुजलो.

रुद्राणी माझ्याकडे वळली. "अप्पा, हे देव नाहीत. जुन्या काळी राजधानीला निरोप पोचवायची धुराडी आहेत ही. एक धूर निघाला की सगळं ठीक. दोन म्हणजे शत्रू दिसला. तीन म्हणजे जवळ आला. चार म्हणजे हद्द ओलांडली."

"आणि पाच?"

"पाच म्हणजे लढाई सुरू झाली."

दुसऱ्यांच्या देशात येऊन आम्ही युद्ध पुकारलं होतं!

"बाई विचारतायत, आई कुणाशी लढायला निघाल्यात?"

शिवकन्येनं पदर सावरला. "सांग त्यांना, कुनाशी न्हाई. माझ्या लेकीला पाच वर्सं द्या म्हनून देवाला सांगाया आले. पाच वर्सं, म्हनून पाच उदबत्त्या!"

"आई, मी हे सांगणार नाही!"

"मग मी खुना करून सांगते!"

त्या खुणा कशा होतील या धास्तीनंच रुद्राणीनं भराभर भाषांतर केलं. गार्डनं ऐकलं. किम बाईंनी ऐकलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी गार्डला दोन वाक्यं सांगितली, त्यानं लायटर जप्त केला, आम्हाला पाटी तीनदा वाचून दाखवली आणि सोडलं. मग बाईंबरोबरचं जेवण मी कशाशी खाल्लं, मला आठवत नाही. बाई वाकल्या, गेल्या. पत्राबद्दल अवाक्षर नाही!

लातूरला परतलो तो जीव टांगणीला लागलेला. मी रात्रंदिवस फोनकडे बघत होतो आणि शिवकन्या मात्र निवांत. तिनं पाचही धुराड्यांचा फोटो स्टेटसला ठेवला, 'पंचलिंग दर्शन, सोल'. देगलूरहून तिच्या बहिणीचा, गंगम्माचा लगेच फोन. "भावजी, आमी सोळा जनी यायलो. तिथं भक्तनिवास हाय का?" ही धुराडी आहेत असं मी दोनदा सांगून पाहिलं. कुणी ऐकायला तयार नव्हतं. शेवटी नुसतं "चौकशी करतो" म्हणालो.

नवव्या दिवशी रुद्राणीचा फोन आला. "अप्पा, पत्र आलं! मुदत वाढली!"

माझे डोळे भरून आले. खरंच आले, लपवत नाही. "किती वर्षं?"

"चार." मग तिचा आवाज खाली गेला. "आईला सांगू नका, पण पत्राच्या आदल्या दिवशी मी एकटीच नामसानवर गेले होते. लांबूनच हात जोडून आले. उदबत्ती वगैरे काही नाही!"

मी विज्ञानाचा शिक्षक. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव बोललेला माणूस. पोरीची चांगली खरडपट्टी काढायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

"पाचही ठिकाणी जोडलेस ना?"

"नाही हो अप्पा. चारच. पाचव्यापाशी तो गार्ड उभा होता."

"अगं, मग तरीच!" मी म्हणालो.