ट्यूब लाल होईना

बळीरामशेठ यायला तासभर उरला होता आणि ट्यूब काही केल्या लाल होईना. प्रांजलने ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, हलवली, डोळे बारीक करून पाहिली. आतलं पाणी ताकासारखं पांढुरकं ते पांढुरकंच.

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गाळ्यात सेप्टिक टँकमधली घाण खाणाऱ्या जिवाणूंची पावडर बनत असे. मालक सत्यजीत, मायक्रोबायोलॉजिस्ट एकटी प्रांजल. पावडरीतले जिवाणू जिवंत आहेत का, हे पाहायला ती त्यात टेट्राझोलियम घाली. हे द्रावण दिसायला पाण्यासारखं, पण जिवंत जिवाणूंच्या तावडीत सापडलं की लालभडक होतं. मेलेल्यांना मात्र त्याचं सोयरसुतक नसतं.

बळीरामशेठच्या द्रोणागिरीत चार इमारती होत्या. दोन कंपन्यांच्या पावडरींनी त्यांना फसवलं होतं, म्हणून या वेळी ते जिवंतपणा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. ही ऑर्डर गेली तर गाळ्याला कुलूप लागणार, हे सत्यजीतचं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

प्रांजलने दुसरी ट्यूब लावली. पांढरी. तिसरीत दुप्पट टेट्राझोलियम घातलं. पांढरी. आता टेट्राझोलियमच बिघडलंय की काय, म्हणून तिने डब्यातलं चमचाभर दही पाण्यात कालवून चौथी ट्यूब लावली. अर्ध्या तासात ती डाळिंबासारखी लाल झाली. म्हणजे टेट्राझोलियम ठणठणीत होतं. मेली होती ती पावडरच. प्रांजल सत्यजीतकडे वळली.

"सर, पावडरीची ही बॅग उघडल्यावर तुम्ही काही केलं होतं का?"

"काही नाही गं. दमट हवेने गुठळ्या झाल्या होत्या. शेठसमोर बरं दिसत नाही, म्हणून काल ओव्हनमध्ये ठेवली."

"कितीवर?"

"दीडशे. दिवसभर. बघ ना, कशी रव्यासारखी मोकळी झालीये!"

प्रांजलला रडू येईल असं वाटत असतानाच दारात गाडी थांबली.

बळीरामशेठ आत आले ते थेट टेबलापाशी. सत्यजीतने क्षणाचाही विचार न करता लाल ट्यूब उचलून त्यांच्या हातात दिली. "बघा शेठ! एकदम जिवंत!"

"अरे वा!" शेठनी ट्यूब नाकाशी नेली. "पण याला दह्याचा वास कसा येतो?"

"तीच तर क्वालिटी आहे, शेठ."

"मंग शंभर किलो टाका सोमवारपरेंत. चारी टाक्या तुंबल्यात. लोकं माज्या दारात येऊन बसतात."

सत्यजीत डोळ्यांनी प्रांजलला गप्प राहा म्हणत होता. तिने गप्प राहायचा खरोखर प्रयत्न केला. पण चार इमारतींचे संडास तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"शेठ, ते दहीच आहे. माझ्या डब्यातलं."

"आनि पावडर?"

"मेली. ओव्हनमध्ये."

बळीरामशेठनी ट्यूब टेबलावर ठेवली आणि ते तडक गाडीत जाऊन बसले. गाडी निघून गेली. सत्यजीत खुर्चीत कोसळला. प्रांजलने कोऱ्या कागदावर राजीनामा लिहायला घेतला. 'महोदय'च्या पुढे तिला काही सुचेना.

इतक्यात सत्यजीतचा फोन वाजला. त्याने घाबरत तो स्पीकरवर टाकला.

"सत्यजीत, नवीन ताजी पावडर बनवा. ऑर्डर तुमचीच हाय. पन एक अट."

"बोला ना, शेठ!"

"ती पोर खोटं बोलत नाय. दर सोमवारी तिलाच आमच्या टाक्यांवर पाठवा. सोता आत उतरून पानी काढंल, तपासंल, आनि जिवंत हाय का मेलंय ते मला सांगंल. दुसऱ्या कुनावर माजा भरोसा नाय."

"डन, शेठ! वर्षभर येईल ती!"

फोन ठेवून सत्यजीत आनंदाने उभाच राहिला. प्रांजलकडे त्याने इतक्या कौतुकाने कधीच पाहिलं नव्हतं.

"प्रांजल," त्याने विचारलं, "गमबूट तुला कितव्या नंबरचे लागतात गं?"