जांभळ्या बाटल्या आणि चौऱ्याऐंशी खिडक्या

फर्नली हाउसला चौऱ्याऐंशी खिडक्या आहेत. हा आकडा मला कसा ठाऊक? आमचा नॉरिस झोपेत मोजायचा!

टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमाचं काम हाती आलं, की या माझ्या नवऱ्याच्या पदरात काय काय पडणार होतं याची यादी मी उन्हाळाभर ऐकत होते. एकाच आवारात वर्षभराचं काम. प्रत्येक फेरीला स्वयंपाकघरातून गरम पेस्ट्री आणि चहा. हॅगथॉर्प गावातला पहिल्या नंबरचा खिडक्या पुसणारा हा मान. आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे डेरिक टॅटरसॉलचं पडलेलं तोंड.

टॅटरसॉल हा गावातला दुसरा खिडक्या पुसणारा. त्याच्या मते नॉरिस दुसरा.

फर्नलीच्या मेट्रन पिकर्सगिलबाईंनी दोघांना समोर उभं करून, नॉरिसकडे बघत सांगितलं होतं, "उन्हाळ्यात कोणीही पुसेल. मला हिवाळ्यात काम न अडवणारा माणूस हवा. कडक थंडीचा पहिला मंगळवार, मिस्टर ऍक्रॉइड, तुमचा. दुपारी बाराला मी पाहणी करीन. काच लख्ख असेल तर काम तुमचं. नसेल तर, मिस्टर टॅटरसॉल, तुमचं. तुम्हीही बाराला या."

नॉरिस घरी आला तो छाती काढूनच.

"ग्लेनिस, काम आपलंच समज! अगं, थंडी पडली की हा टॅटरसॉल मार्चपर्यंत अंथरुणातून उठत नाही. बघच तू!"

"आणि तू?"

"मी तयारीचा माणूस आहे!"

ही तयारी म्हणजे काय ते ज्याच्या घरात झाली त्यालाच कळेल. थंडीत शिडीवर बर्फ धरतो, म्हणून शिडी घरात आली. ती जिन्यात आडवी पडली, त्यामुळे झोपायला जाताना मला रोज रात्री पाय उंच उचलून कवायत करावी लागायची. पाण्याचे पाइप गोठून तडकतात, म्हणून ते आंघोळीच्या टबात वेटोळं घालून बसले. काचेवरचं पाणी ओढायच्या रबरी पट्ट्या गारठ्यात कडक होतात, म्हणून त्या माझ्या कपाटात, माझ्या आतल्या कपड्यांत, उबेला! शिडीच्या पायऱ्यांवरून बूट घसरू नयेत म्हणून प्रत्येक पायरीला लोकरीचं काहीतरी गुंडाळायचं असतं. ते 'काहीतरी' म्हणजे माझे पायमोजे होते. शिडी माझ्यापेक्षा उबदार कपड्यांत हिंडत होती.

"आणि मीठ?" मी विचारलं.

आमच्या धंद्याचा हा पहिला नियम. थंडीत काम करून निघताना खाली सांडलेल्या पाण्यावर मीठ टाकायचं, नाहीतर पायरीची काच होते आणि गिऱ्हाईक दवाखान्यात जातं.

"ते बघ, पोतं शेगडीशेजारी वाळत घातलंय. मी काही विसरत नाही!"

राहिलं बादलीतलं पाणी. काचेवर लावताच ते गोठू नये म्हणून जुने लोक त्यात थोडं स्पिरिट घालतात. आमच्याकडे ते जांभळ्या रंगाचं मिळतं. कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम रंगवलेलं. नॉरिसची बाटली मागच्या अंगणातल्या खोपटात फळीवर असायची.

आता इथे माझा एक छोटासा कारभार सांगायला हवा. दर ऑक्टोबरात मी कुंपणावरची आंबट निळी रानफळं तोडते, टोचते, साखरेबरोबर जिनमध्ये घालून ठेवते. नाताळपर्यंत ती जिन अशी मुरते की पाद्रीसुद्धा दुसरा पेला नाकारताना अडखळतो. पण नाताळपर्यंत ती उरेल तर ना! नॉरिस एक पेला चव बघायला घेतो, दुसरा पहिल्याची खात्री करायला. म्हणून यंदा मी डोकं चालवलं. जिन गाळून अगदी स्पिरिटच्या बाटलीसारख्या तीन बाटल्यांत भरली आणि खोपटात, स्पिरिटच्या शेजारीच नेऊन ठेवली. रंग तोच, जांभळा! नॉरिसने त्या फळीकडे तहानेने बघणं शक्यच नव्हतं.

आणि खरंच, त्याने तहानेने बघितलं नाही.

मंगळवार उजाडला तो असा की दाराबाहेर ठेवलेल्या बाटलीतलं दूध गोठून फुगलं होतं आणि तिची टोपी वर उचलली गेली होती. नॉरिस शिट्टी वाजवत गाडी भरून गेला. दर मंगळवारी येतात तशा दहाच्या सुमाराला सासूबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि ठरल्याप्रमाणे खोकल्या.

"सूनबाई, घसा अगदी खवखवतोय बघ. ते तुझं औषध मुरलं असेल ना एव्हाना?"

"आई, नाताळला अजून अवकाश आहे."

"तोवर मी राहीन की नाही कोण जाणे!"

हे त्या मी लग्न होऊन आल्यापासून म्हणताहेत. तरी मी उठले. खोपटात गेले आणि बघते तर फळीवर एकच बाटली! ती घरात आणली, बूच काढलं, नाकाशी नेलं. डोळ्यांतून पाणीच आलं. स्पिरिट!

"काय गं? आंबली का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुमच्या मुलाने माझ्या जिनच्या तीन बाटल्या नेल्या!"

"प्यायला?"

"नाही हो! खिडक्यांना पाजायला!"

सासूबाई खोकायचं विसरल्या. "तीनही बाटल्या?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि कोट घालायला उठल्या. आम्ही टेकडी चढायला लागलो. गडबडीत ती स्पिरिटची बाटली माझ्या हातातच राहिली, हे मला फाटकापाशी पोहोचेपर्यंत कळलं नाही.

फर्नलीचं ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि सगळ्या इमारतीवर फिकी गुलाबी झाक! स्पिरिट खरं तर टोपणभर पुरतं. पण थंडी पाहून नॉरिसने हात सैल सोडला होता. पाणी गोठलं नव्हतं, ते कबूल करायला हवं. पण साखर! साखरेने काच अशी चिकट झाली होती की रबरी पट्टी ओढली की डुकराचं पिल्लू पकडल्यासारखा आवाज यायचा. नॉरिस माझ्या पायमोज्यांवर उभा राहून जितकं पुसत होता तितकं फासत होता.

आत प्रत्येक खिडकीशी एकेक पांढरं डोकं. एरवी जेवणाच्या घंटेलाही न उठणारी म्हातारी माणसं खिडक्या उघडून हुंगत होती. एंटविसल आजोबा, जन्मभर दारूचा गुत्ता चालवलेला माणूस, त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"रानफळांची जिन," ते म्हणाले. "यंदाचीच. साखर मात्र जरा जास्त झालीय."

साखर जास्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात पिकर्सगिलबाई बाहेर आल्या. बाई कट्टर चॅपलवाल्या, दारू वर्ज्य मानणाऱ्या पंथाच्या. नाताळच्या पुडिंगलाही दारूचा थेंब लावत नाहीत.

"मिस्टर ऍक्रॉइड! खाली उतरा. तुम्ही प्यायलेले आहात!"

"मी? छे, छे बाई! हा वास माझा नाही, स्पिरिटचा आहे!"

"स्पिरिट?" बाईंचा आवाज बसला. "तुम्ही... स्पिरिट पिता?"

आमच्या गावात स्पिरिट पिणारा म्हणजे रेल्वेच्या पुलाखाली वर्तमानपत्र पांघरून झोपणारा माणूस. नॉरिस घाईघाईने शिडी उतरला. नवऱ्याची अब्रू वाचवायला मी धावले आणि हातातली बाटली उंच धरली.

"बाई, ऐका! स्पिरिट हे इथे आहे, माझ्याजवळ!"

पिकर्सगिलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, चॅपलमध्ये हरवलेल्या आत्म्यांकडे बघतात तसं.

"दोघंही," त्या पुटपुटल्या.

"मला तर हिने चमचाभरसुद्धा दिलं नाही!" सासूबाईंनी मागून तक्रार नोंदवली.

"तिघंही!"

मी सगळी हकिगत एका दमात सांगितली. फळं, ऑक्टोबर, बाटल्या, फळी. बाईंना पटलं की नाही देव जाणे, पण घड्याळात बघून त्या म्हणाल्या, "बारा वाजायला अर्धा तास आहे. नियम तो नियम."

नॉरिस स्वयंपाकघराकडे धावला. चहाचं, भांड्यांचं, बटाट्यांचं, मिळेल ते ऊन पाणी त्याने काचांवर ओतलं. दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत धुऊन काढली. साखर विरघळली, गुलाबी पाणी ओघळलं, खिडक्यांवरून भिंतीवर, भिंतीवरून थेट मुख्य दाराच्या दगडी पायऱ्यांवर. पुढचा भाग खरोखर चमकायला लागला! पण मागचा तसाच गुलाबी राहिला, आणि बारा वाजले.

ठोक्याला टॅटरसॉल हजर. बाजूच्या दाराने आत गेला, टाय लावून! बाईंनी मागची बाजू पाहिली, एक काच बोटाने तपासली, बोट रुमालाला चिकटलं. त्यांनी टॅटरसॉलशी हात मिळवला. वर्षभराचं काम त्याचं झालं.

नॉरिसचं तोंड बघवेना. उन्हाळाभर मोजलेल्या खिडक्या गेल्या.

टॅटरसॉल मुख्य दार उघडून वरच्या पायरीवर उभा राहिला, पुढाऱ्यासारखा. "काय रे नॉरिस! आता हिवाळाभर काय करणार? कंटाळलास तर चहाला ये, लेका!"

मला एकदम काहीतरी आठवलं. "नॉरिस," मी हळूच विचारलं, "पायऱ्यांवर मीठ टाकलंस?"

"मीठ?" नॉरिस म्हणाला. "ते तर शेगडीशेजारी..."

टॅटरसॉलने पाऊल टाकलं. गुलाबी बर्फाची ती पहिली पायरी त्याला दुसरीवर घेऊन गेली, दुसरीने तिसरीकडे सोपवलं, आणि तो सगळ्या पायऱ्या बसल्या बसल्या, टाय उडवत, फाटकापर्यंत उतरला. वरून टाळ्या पडल्या. एंटविसल आजोबांनी तर पुन्हा एकदा म्हणून आवाज दिला.

घोटा मोडला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घालून सांगितलं, मार्चपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही.

आता आमच्या गावची एक रीत आहे. खिडक्या पुसणारा माणूस आजारी पडला की दुसऱ्याने त्याची गिऱ्हाइकं सांभाळायची आणि मिळकत त्याच्या उशाशी नेऊन ठेवायची. नॉरिसच्या वडिलांची पाठ धरली तेव्हा टॅटरसॉलच्या बापाने सबंध वसंत ऋतू हे केलं होतं. आणि इथे तर पायरीवर मीठ न टाकणारा आमच्याच घरात जेवत होता. नॉरिसने एका शब्दाने कुरकुर केली नाही. संध्याकाळी टोपी हातात घेऊन टॅटरसॉलकडे गेला.

"डेरिक, तुझी गिऱ्हाइकं मी बघतो."

"फर्नलीसकट?" टॅटरसॉलने उशीवरून विचारलं.

"फर्नलीसकट."

"मागची बाजू नीट पूस रे. तिथे तक्रार आहे."

तेव्हा हिशेब असा झाला. फर्नली हाउसचं काम मिळालं टॅटरसॉलला. मान त्याचा, मिळकत त्याची, आणि अंथरूणही त्याचंच, अगदी नॉरिसच्या भाकितानुसार मार्चपर्यंत. चौऱ्याऐंशी खिडक्या आल्या नॉरिसच्या वाट्याला, शिवाय टॅटरसॉलच्या गावभरच्या वेगळ्या. गरम पेस्ट्री बंद आहे, कारण पिकर्सगिलबाई त्याला आता फक्त पाणी देतात, तेही हुंगून. एंटविसल आजोबा दर फेरीला काच चाखून "फिकी!" असा शेरा मारतात.

शिडीने माझे पायमोजे परत केलेले नाहीत. रोज दुपारी मी टॅटरसॉलकडे सूप पोहोचवते. गाडीत तिसऱ्या बाटलीच्या तळाशी कशीबशी दोन पेले जिन उरली होती, तीही पहिल्याच दिवशी सूपाबरोबर नेऊन दिली. दुखणं मोठं होतं, काय करणार!

प्यायला, ओठ पुसले, आणि म्हणाला, "वहिनी, झकास! पण साखर जरा जास्त झालीय."