उसन्या स्वेटरांचं कारस्थान

"बाई, या शाळेत दोनच डोळे असे आहेत ज्यांच्यापुढे इस्त्रीची घडीसुद्धा खोटं बोलू शकत नाही," दुर्बीण सर म्हणाले. "आणि ते दोन्ही माझे आहेत."

शिवणाच्या बाईंनी दातांनी दोरा तोडला आणि बटण घट्ट बसलंय का ते ओढून पाहिलं. असली वाक्यं ऐकताना हाताशी काहीतरी काम असलेलं बरं, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या.

सर शिकवायचे पीटी. पण ते आपलं पोटापाण्यापुरतं. आपला जन्म गुप्तहेर होण्यासाठीच झाला, असं ते भेटेल त्याला सांगायचे. पाळण्यात असताना त्यांनी म्हणे हरवलेला खुळखुळा शोधून काढला होता. (तो त्यांच्याच अंगाखाली होता, ही माहिती त्यांच्या आईनं बाईंना एका लग्नात दिली.) गळ्यात शिटी आणि दुर्बीण दोन्ही लटकत असायच्या. गडबडीत ते कधी दुर्बीण फुंकायचे आणि शिटीतून बघायचे. मुलांनी त्यांचं नाव दुर्बीण सर ठेवलं. सरांना वाटायचं, मुलं आपल्याला मानतात. बाईंना सरांनी परस्पर 'सहायक' नेमलं होतं. बाईंनी तीनदा राजीनामा दिला, पण सर म्हणाले, हा शत्रूनं पसरवलेला खोटा कागद आहे.

आताची केस मात्र गमतीची नव्हती.

पूर्वी या शाळेत गणवेशात काही चुकलं, की मूल फाटकातूनच घरी पाठवायचे. घरी कोण असायचं? आईबाप कामावर. मूल दिवसभर दप्तर घेऊन रस्त्यानं हिंडायचं. मग नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात फर्मान काढलं, "गणवेश हवाच. पण त्याच्या आत मूलही हवं." फाटकाजवळच्या जुन्या खेळसामानाच्या खोलीत एक लोखंडी कपाट ठेवलं. त्यात धुतलेले शर्ट, स्वेटर, मोजे. ज्याचं काही कमी असेल त्यानं सकाळी आत जायचं, हवं ते घालायचं, दुपारी सुटताना परत ठेवायचं. आत जाणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही आणि कोणी बघायचं नाही.

"दुर्बिणीतूनसुद्धा नाही," मोठ्या बाईंनी सरांकडे बघून म्हटलं होतं.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत. दिवसाला चार-दोन मुलं जायची, निमूट बाहेर यायची. मग थंडी पडली आणि खोलीपुढे रांगच लागली. कोणाचं बटण नाही, कोणाचा स्वेटर घरी राहिला, कोणाच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे. बरं, मुलं कोण? डॉक्टरांचा मुलगा. कापडदुकानदाराची जुळी! ज्यांच्या दुकानात मोज्यांनी भरलेली भिंत आहे, ती पोरं उघड्या पायांनी.

ही बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. ते फोनवर एवढ्या जोरात बोलले, की मोठ्या बाईंनी फोन टेबलावर ठेवला तरी सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"सवलत दिली की शिस्त गेली! शनिवारी येतो. कारण सांगा, नाहीतर कपाटाला कुलूप. आणि चूक दिसली की फाटकातून घरी, पूर्वीसारखं!"

शिवणाच्या बाईंच्या डोळ्यांपुढे आली सहावीतली लांब वेणीवाली. तिच्याकडे शर्ट एकच. तो रात्री धुवायचा, आणि थंडीत तो सकाळपर्यंत काही वाळायचा नाही. गेल्या वर्षी बाईंनी तिला फाटकाच्या खांबामागे ओल्या कॉलरनं उभी बघितली होती. आत यायची तिची हिंमत होईना. बाईंनी हाक मारली, तर ती पळून गेली, आणि अर्धी थंडी शाळेत फिरकलीच नाही. यंदा तिचा एक दिवस चुकला नव्हता.

"सर, शनिवारच्या आत कारण सापडायलाच हवं," बाई म्हणाल्या.

"सापडलंय," सर म्हणाले. "फक्त कोणतं ते ठरवायचंय."

पहिला सिद्धांत मोज्यांचा. सरांच्या मते शाळेत एक गुप्त संघटना होती, आणि मोज्यांचे रंग हा तिचा सांकेतिक निरोप. "डावा पिवळा, उजवा हिरवा. अर्थ काय? मधल्या सुट्टीत, पिंपळाखाली!"

"आपल्या शाळेत पिंपळ नाही, सर."

"बघा! किती पुढचा विचार करतात!"

सर मधल्या सुट्टीत कुंडीतल्या झुडपामागे दबा धरून बसले. झुडूप त्यांच्या गुडघ्याएवढं होतं. पहिलीतली सगळी मुलं भोवती गोळा झाली आणि त्यांनी सरांना डबा देऊ केला. सरांनी तो पुरावा म्हणून खाल्ला.

दुसरा सिद्धांत बटणांचा. सरांनी एक तुटकं बटण भिंगाखाली धरलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"बाई, हे बटण तुटलेलं नाही. तोडलेलं आहे."

बाईंनी बटण हातात घेतलं. खरंच, दोरा कात्रीनं कापला होता. सर बरोबर बोलले होते! असं याआधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे बाईंना जरा खुर्चीत बसावं लागलं.

"म्हणजे मुलं मुद्दाम तोडतायत?"

"मुलं? छे!" सर हसले. "शिंपी! गणवेश शिवणारा शिंपी रात्री घराघरांत शिरतो आणि स्वतःच शिवलेली बटणं कापतो. धंदा वाढवायला."

"त्याला जिना चढवत नाही, सर. मुलगा धरून आणतो त्याला दुकानात."

"हेच तर सोंग!"

शिंपीबाबांची चौकशी झाली. ते सरांना खुर्चीत बसवून म्हणाले, "तुमच्याच पँटची शिवण मागनं गेलीय, साहेब. कधीपासून फिरताय असे?" सर भिंतीला पाठ लावून परत आले, आणि तो सिद्धांत तिथंच संपला.

तिसरा सिद्धांत ऐकताना बाईंनी सुई खाली ठेवली, कारण टोचली असती.

"मांजर," सर म्हणाले.

शाळेत एक जाडजूड बोका होता. दिवसभर कोणतंही काम न करता सगळीकडे फिरायचा, म्हणून त्याचं नाव सुपरवायझर. सरांच्या निरीक्षणानुसार तो थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्या कपाटावरच पसरलेला असायचा, आणि मुलं त्याला बघून हसायची.

"टोळीचा म्होरक्या नेहमी उंचावर बसतो. मी त्याला सरळ विचारलं, 'कोणासाठी काम करतोस?' त्यानं डोळे मिटले. निर्दोष माणूस असं करेल?"

"सर, तो माणूस नाही."

"आता तुम्ही त्याची बाजू घेताय!"

बाई वैतागल्या. त्यांचीही पंचाईत होती. कपाट त्या दुपारी आवरायच्या, शाळा सुटल्यावर. सकाळी तिथं कोणी बघायचं नाही हा नियम त्या स्वतः पाळायच्या. आत मुलं काय करतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारावं तर नियम मोडतो, आणि नियम मोडला तर वेणीवाली पुन्हा खांबामागे.

शनिवार उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. अध्यक्ष आले तेच मुळी नाक पुसत. कोट, टाय, बूट, सगळं आरशासारखं. त्यांना कपाटाच्याच खोलीत खुर्ची दिली. कपाटावर सुपरवायझर घोरत होता. मोठ्या बाई उभ्या, शिवणाच्या बाई दाराशी, आणि मधोमध दुर्बीण सर, हातात चहाचा कप. पलीकडच्या कँटीनमधून तिथल्या काकांनी नुकताच पाठवलेला.

"साहेब," सरांनी सुरुवात केली, "तीन आठवडे मी झोपलो नाही."

"मलाही तसंच वाटतंय. लवकर बोला."

"या प्रकरणात एक संघटना, एक शिंपी आणि एक बोका गुंतलेत. बटणं कशी कापली जातात त्याचं प्रात्यक्षिक बघा. हल्लेखोर अंधारात असा येतो, कात्री अशी उघडतो, आणि असा..."

सरांनी हात असा फिरवला. कप अध्यक्षांच्या छातीवर. चहा कोटातून टायवर, टायवरून शर्टावर.

सुपरवायझरनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"अगं बाई! काढा, काढा तो कोट," मोठ्या बाई धावल्या. अध्यक्षांनी कोट काढला, ओल्या शर्टात ते कुडकुडायला लागले. शिवणाच्या बाईंनी कपाट उघडलं आणि त्यातल्या त्यात मोठा स्वेटर ओढला. दहावीतल्या गोलकीपरच्या मापाचा, छातीवर शाळेचं बोधचिन्ह. अध्यक्षांचं पोट त्यात कसंबसं मावलं.

आता कुलूप. नक्की कुलूप. बाईंनी दाराची कडी घट्ट धरली.

अध्यक्षांनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

"अहो," ते शेवटी म्हणाले, "हा गरम आहे."

"स्वेटर गरमच असतो, साहेब," सर म्हणाले.

"तसा नाही हो! गरम म्हणजे... आत्ता कोणीतरी शेकून दिल्यासारखा." त्यांनी कपाटात हात घातला. "हे मोजे बघा! हा शर्ट! अहो, कपाटाची पाठ बघा, शेगडी आहे नुसती!"

मोठ्या बाईंनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढला. भिंतीच्या पलीकडे कँटीनची मोठी शेगडी होती. सकाळी पेटायची, दुपारी विझायची. शिवणाच्या बाई कपाट आवरायला यायच्या तोवर सगळं गार.

"म्हणजे कारटी गरम कपड्यांसाठी बटणं कापून येतात?" अध्यक्ष म्हणाले. आवाज रागाचा काढायचा त्यांचा विचार होता, पण तोवर त्यांनी मोज्यांत हात घातले होते.

"पण कपाट तर खिडकीपाशी होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "या भिंतीला कोणी आणलं?"

शिवणाच्या बाईंना आठवलं. थंडीच्या सुरुवातीला एक माणूस कपाट ढकलत होता. खिडकीतून फाटकावर नजर ठेवायला कपाट आड येतं म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या सरांकडे वळल्या. मोठ्या बाई वळल्या. बोकाही वळला.

सरांनी दुर्बीण उचलली, उलटी धरली, आणि बराच वेळ लांबवर कुठंतरी बघत राहिले.

"गुन्हेगार सापडला," ते म्हणाले. "पण माणूस फार चाणाक्ष दिसतोय. त्यानं मलासुद्धा चकवलं."

"चला, सुटला प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "कपाट पुन्हा खिडकीपाशी ढकला. गर्दी बंद."

"नको, साहेब!"

आवाज आपलाच आहे, हे शिवणाच्या बाईंना बोलून झाल्यावर कळलं. आता माघार नव्हती.

"कपाट गार झालं की सोमवारी रांगेत फक्त ज्यांना खरंच लागतं तीच उरतील. चार-दोन. सगळी शाळा त्यांच्याकडे बघणार. या तीन आठवड्यांत त्यांना कोणी ओळखलं नाही, कारण डॉक्टरांचा मुलगाही त्यांच्यासोबत उभा होता. काही मुलं पहिल्यांदाच हसत आत गेलीयत, साहेब. त्यांना गर्दीतच राहू द्या."

अध्यक्षांनी खाली स्वेटरवरच्या बोधचिन्हाकडे बघितलं.

तोडगा मोठ्या बाईंनी काढला. सकाळी सगळ्यांनीच या खोलीतून जायचं. आपला स्वेटर गरम भिंतीच्या खुंट्यांवर टांगायचा, प्रार्थना झाली की घ्यायचा. ज्याचं काही कमी असेल त्यानं जाता जाता कपाटातून घ्यायचं. कोण टांगायला आला आणि कोण घ्यायला, ते भिंतीला ठाऊक. आणि बटण कापलेलं दिसलं, तर ते शिवणाच्या तासाला स्वतः लावायचं.

"बघू," अध्यक्ष म्हणाले. स्वेटर मात्र त्यांनी तपासणीसाठी म्हणून घरी नेला.

सोमवारी रांग फाटकाबाहेर गेली. जुळ्यांच्या पायांत मोजे होते, डॉक्टरांच्या मुलाची बटणं गळ्यापर्यंत. मध्येच कुठंतरी वेणीवाली, ओल्या कॉलरनं, मैत्रिणीशी भांडत. एवढ्यात दुर्बीण सरांनी शिटी डोळ्याला लावली, चूक सुधारली आणि ओरडले, "बाई! रांगेत एक इसम बिनबटणाचा!"

रांगेच्या मधोमध अध्यक्ष उभे होते. कोटाचं मधलं बटण गायब. सर झपाट्यानं पोचले आणि त्यांनी भिंग काढलं.

"हे बटण तुटलेलं नाही," सर म्हणाले. "हे..."

अध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांच्या पुढेच उभ्या वेणीवालीनं मागं वळून बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि अंग चोरून बाजूला झाली.

"तुम्ही जा पुढे, आजोबा," ती म्हणाली. "इथं कोणी काही विचारत नाही."