पस्तीस व्होल्टचा अबोला

आमच्या सभागृहाचा रेग्युलेटेड पॉवर सप्लाय सव्वा वर्ष माझ्या थोरल्या भावाच्या अबोल्यावर चालला. बाकीचे लोक झेनर डायोड लावतात. आम्ही दादा लावला होता.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये. सप्लाय मी बांधला, मीच जुळवला, आणि त्या सव्वा वर्षात कुणी "काय आवाज लागलाय हो वायचळ!" म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे, कशावर लागलाय ते विचारा की!

आमच्या गावचा लाइट म्हणजे तमाशा आहे. सकाळी एकशेसाठ व्होल्ट, दुपारी अडीचशे. त्यामुळे सभागृहाचा अँप्लिफायर कधी कुजबुजायचा, कधी किंचाळायचा, आणि उरलेल्या वेळात घुमत राहायचा. म्हणून ध्वनिव्यवस्था समितीने सप्लायचं किट मागवलं. आतला प्रकार सोपा असतो. बाहेर काय वाट्टेल तो गोंधळ होवो, अँप्लिफायरला बरोबर पस्तीस व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्यासाठी सप्लायला आत एक न हलणारी गोष्ट लागते. तिच्याकडे बघून तो स्वतःला सावरत राहतो. तिला संदर्भ म्हणतात.

खोक्यात ट्रान्सफॉर्मर निघाला, डालड्याच्या डब्याएवढे दोन कपॅसिटर निघाले, हीट सिंक, अभ्रकाच्या चकत्या, पांढऱ्या पेस्टची पुडी, सगळं निघालं. संदर्भ निघाला नाही. सूचनापत्रात छापलं होतं: "घटक क्रमांक अकरा, संदर्भ. पाकिटात नाही. स्थानिक पातळीवर मिळवावा. काही झालं तरी न बदलणारी व्यक्ती असावी. वयाची व वजनाची अट नाही."

संदर्भ म्हणून माझ्याकडचा एक झेनर डायोड मी लावून पाहिला. आमच्या लाइटपुढे त्याने दुसऱ्या दिवशी हात टेकले. मग समितीने माणसं पाठवायला सुरुवात केली. खुर्चीत बसवायचं, दोन्ही अंगठ्यांत तांब्याची एकेक अंगठी घालायची, उजवीकडे लाल वायर, डावीकडे काळी. निवृत्त मुख्याध्यापक बसले. तत्त्वाचे पक्के म्हणून गावात नाव. चहा आला आणि मीटर पस्तीसवरून एकोणतीसवर. एक पुढारी बसले, त्यांना जोडल्यावर मीटरचा काटा दोन्ही बाजूंनी हलायला लागला. शेवटी माझी बायको सरोज म्हणाली, "माझा तुमच्यावरचा राग लावून बघा." तो एकवीस मिनिटं टिकला. चांगला होता, पण व्याख्यानं दीड तासाची असतात.

"तुमचे बंधू?" समितीचे चिटणीस पाटणे म्हणाले.

माझे बंधू, त्र्यंबक वायचळ, सगळ्या तालुक्याला अँप्लिफायर बांधून देणारे, माझ्याशी तेव्हा सात वर्षं बोलत नव्हते. एकाच घरात. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत तो. सरोज त्याला ताट नेऊन द्यायची. मी समोर उभा असलो तरी तो म्हणणार, "सरोज, त्याला सांग, गल्लीत त्याची सायकल आडवी आहे." माझं अक्षर दिसलं तर कागद न वाचता तिच्याकडे देणार. सात वर्षं! गावातली देवळं नव्याने बांधून झाली तेवढ्यात.

कारण मीच होतो, तेही सांगून टाकतो. शाळेच्या गॅदरिंगला दादाचा अँप होता. त्याने ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, इतका चढवला होता की पोरांनी कानात बोटं घातली. दादा चहाला गेला तसा मी तो कमी केला. तो परत आला, तडकला, "कुणी हात लावला?" आणि मी चारचौघांत, पालक, शिक्षक, मंडपवाला, सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, तुला वरचा आवाज ऐकूच येत नाही. बहिरा झालायस तू."

ते खरं होतं. हीच तर आग आहे. खोटं बोललो असतो तर त्याच दिवशी पाय धरले असते. खरं बोलल्याची माफी कशाला मागायची, असं म्हणत मी आठ वर्षं काढली, आणि त्याने ऐकू येत नाही हे कबूल न करता आठ वर्षं. दोघेही एका आईचे, दुसरं काय.

पाटणे त्याला विचारायला गेले तेव्हा मला वाटलं हाकलून देईल. पण हॉलच्या आवाजाचा प्रश्न आहे म्हटल्यावर दादाने चप्पल घातली. "बसतो," म्हणाला, "फक्त त्याला सांगा, माझ्याशी बोलायचं नाही."

अंगठ्या घातल्या. पहिल्यांदा चालू करताना मी रीतीप्रमाणे सिरीजमध्ये बल्ब लावला होता. तो क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे शॉर्ट कुठे नाही. मग मी बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन व्होल्टेज जुळवायचा प्रीसेट फिरवायला लागलो. तेहतीस. चौतीस. दादा मीटरकडे बघत पाटण्यांना म्हणाला, "त्याला सांगा, पाव आटा अजून." पाव आटा फिरवला. पस्तीस पूर्णांक शून्य शून्य. लोड टाकला, पंखे लावले, बाहेर लाइट एकशेसत्तरवर आला. काटा हलला नाही. माझ्यावरचा राग इतका स्वच्छ होता की त्यात घरघरसुद्धा नव्हती.

पाटण्यांनी टाळी वाजवली. मला तो मीटर भिंतीवर फेकून मारावासा वाटला.

तेव्हापासून कार्यक्रम असला की दादा रंगमंचाशेजारच्या खोलीत बसायचा, पाठीला उशी, डोक्यावर भिंतीत एक स्पीकर. मी सप्लायशी. दोन-दोन तास एका खोलीत, आणि शब्द नाही. एकदा तापलेल्या हीट सिंकला माझं बोट लागलं, चांगला चटका बसला, मी "आई गं" म्हणालो. काटा चौतीस पूर्णांक सहावर आला. क्षणभरच. मग परत पस्तीस. मी दादाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

मी ते कुणाला सांगितलं नाही. पण बाहेर एका कवयित्रीचा आवाज ओळीच्या मध्येच बसला होता. दोन दिवसांनी समितीचं पत्र आलं: "तंत्रज्ञांनी संदर्भासमोर चटका लावून घेऊ नये. आवश्यक असल्यास बाहेर जाऊन घ्यावा."

यंदा श्रावणात सरोज दादाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला न सांगता. परत आली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली.

"डावा कान संपलाय," ती म्हणाली. "उजवा दिवाळीपर्यंत. नस गेलीय, मशीनचा उपयोग नाही म्हणाले."

"तुम्हाला काय बोलायचंय ते बोलून घ्या. नंतर कुणाला सांगणार आहात, भिंतीला?"

"तो ऐकून घेईल?"

"घेईल नाहीतर नाही घेणार. एक शब्द बोलायला तुमची जीभ झिजते का हो?"

मी पाटण्यांकडे गेलो. भावाची माफी मागायची आहे, तुम्ही दुसरा संदर्भ बघा, एवढंच सांगायला. पाटण्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वही उघडली.

"माफी मागितली आणि त्यांनी ती मान्य केली, तर व्होल्टेज किती राहील?"

"शून्य."

"आणि अमान्य केली तर?"

"पस्तीस."

"म्हणजे जोखीम आहे." त्यांनी लिहून घेतलं. "असं करा, माफी मार्चनंतर मागा. ऑक्टोबरात व्याख्यानमाला आहे, मग दिवाळी पहाट, मग एकांकिका, मग तालुक्याचं संमेलन. मार्चनंतर हॉलला रंग द्यायचाय, तेव्हा समितीची हरकत नाही."

"मार्चमध्ये त्याला ऐकू येणार नाही, पाटणे."

"मग लेखी मागा."

"लेखी माफी वाचणारा माणूस असता तर पस्तीस व्होल्ट आले असते का?"

"तेही खरंच," पाटणे म्हणाले, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं. "वायचळ, तुमचा मनस्ताप मला समजतो. पण सभागृहात सहाशे खुर्च्या आहेत. तुम्ही दोघंच आहात."

आठवड्याने ठराव क्रमांक सात आला: संदर्भ कार्यरत असेपर्यंत श्री. मुकुंद वायचळ यांनी संदर्भाची माफी मागू नये, तसेच मागण्याच्या उद्देशाने घरी, रस्त्यात वा अन्य ठिकाणी त्यांच्याजवळ जाऊ नये. खाली माझी सही हवी होती. मी केली. संतापाने केली, कागद फाटेल इतकी दाबून केली, पण केली. आठ वर्षांची सवय. कुणी परस्पर सोय लावून दिली की मला बरंच वाटायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, आणि मग स्वतःचाच असा राग आला की रात्री जेवलो नाही.

त्या दिवसांत दादाच्या दारावरून जाताना कळायचं. रेडिओ पूर्ण आवाजात, आणि तो उजवा कान त्याला टेकवून बसलेला. मग एक दिवस रेडिओ लागलाच नाही.

व्याख्यानमालेचा पहिला दिवस. संध्याकाळचे सहा, हॉल भरलेला, पाहुणे पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले. दादाला अंगठ्या घातल्या. पस्तीस पूर्णांक शून्य शून्य. मी रंगमंचावर गेलो माइक तपासायला.

"हॅलो. एक. दोन. तीन."

आवाज खणखणीत गेला, शेवटच्या रांगेपर्यंत. दादाच्या डोक्यावरच्या स्पीकरमधूनही गेला असणार. मी विंगेतून पाहिलं. दार उघडं होतं. तो उजवा कान वर करून, मान वाकडी करून बसला होता. हॉलसाठी नव्हे. स्वतःला ऐकू येतंय का ते बघत होता.

"चार," मी म्हणालो. चार कुणी म्हणत नाही. "दादा."

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी वर पाहिलं.

"दादा, तुला चारचौघांत बहिरा म्हणालो ते माझं चुकलं."

आवाज तसाच. किंचितही न बसता सहाशे लोकांना माझी माफी ऐकू गेली, म्हणजे ज्याच्यासाठी होती त्याने ती घेतली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटणे मधल्या वाटेने पळत येताना दिसले.

"घेणार नाहीस? नको घेऊस! काय ताठा आहे रे तुझा! आठ वर्षं एका घरात राहून सायकलचे निरोप पाठवतोस! मला चटका बसला तेव्हा तुझं काय हललं होतं? मी मीटर बघत होतो, दादा! माझ्यापासून लपवतोस?"

अँप्लिफायर इतका सुरेख वाजत होता, काय सांगू. माझा एकेक शब्द धारदार, बिनघरघरीचा. मला रडू यायला लागलं ते त्याच्यामुळे आणखीच.

"वायचळ, ठराव!" पाटणे खालून ओरडले. "ठराव क्रमांक सात!"

"घाला चुलीत तुमचा ठराव," मी माइकवर म्हणालो. मग हळू झालो. "दादा, ते खरं होतं म्हणून मी माफी मागितली नाही. इतकी वर्षं हेच म्हणत आलो. पण मला ते तुझ्याआधी कळलं होतं रे. दोन वर्षं आधी. तू ट्रेबल चढवायचास, आणि तुझं लक्ष नसताना मी कमी करायचो. तुला कळू नये म्हणून. आणि मग त्या दिवशी मीच..."

आवाज बारीक झाला. मला वाटलं, माझाच बसला. मग स्पीकर फाटल्यासारखा बोलला, माझं बोलणं नळाच्या शेवटच्या पाण्यासारखं गुडगुडलं, आणि बंद पडलं. मी बोलतच होतो. पुढची दोन वाक्यं मी मेलेल्या माइकमध्ये बोललो आणि ती पहिल्या रांगेलाही गेली नाहीत.

मी खोलीत गेलो. मीटर शून्यावर होता. पाटणे माझ्या मागोमाग आले, धापा टाकत. त्यांनी मीटर पाहिला, दादाला पाहिलं, खिशातून वही काढली आणि लिहिलं: "सहा वाजून अकरा मिनिटं. संदर्भ निकामी." मग पाहुण्यांना माइकशिवाय बोलण्याची विनंती करायला ते निघून गेले. माणूस वाईट नाही तो. बाहेर मागच्या रांगांतले लोक खुर्च्या उचलून पुढे येत होते, त्याचा खडखडाट चालला होता.

दादा अंगठ्यांतून अंगठे सोडवत होता. डावी निघाली. उजवी निघेना, सव्वा वर्षात बोट सुजलं होतं. मी खाली बसलो आणि तिला थोडी पांढरी पेस्ट लावली. तो माझ्याकडे बघत होता. सरोजकडे नाही, पाटण्यांकडे नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतंही.

"मुकुंदा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय ते त्याला कळत नसावं, कारण बाहेर पाहुणे बोलायचे थांबले. "शेवटचं काय म्हणालास?"

मी वर पाहिलं.

"मला ऐकू नाही आलं," दादा म्हणाला.

मी उठलो, त्याच्या उजव्या बाजूला गेलो, कानाशी वाकलो, आणि ओरडून परत सांगितलं.