प्राचार्यांच्या नावाचा किडा

"यंदा मी पर्मनंट होऊन राहिलो! लिहून ठेव!" मधुसूदनने बायकोला ठणकावून सांगितलं.

सात वर्षं नागपूरच्या कॉलेजात टेंपररी लेक्चरर म्हणून काढलेल्या माणसाला एवढा आवाज चढायला कारणही तसंच होतं. कारण तिळाएवढं होतं! पंच्याहत्तर साली कन्हान नदीच्या काठी त्याने रात्रीचे किडे धरायला पेट्रोमॅक्ससमोर पांढरी चादर बांधली आणि तिच्यावर एक कॅडिसफ्लाय येऊन बसला. पाण्यात जन्मणारा, पतंगासारखा दिसणारा, केसाळ पंखांचा किडा. वर्षभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मधुसूदनने सिद्ध केलं, की ही जात जगात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही! आणि नव्या जातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा.

"मग माझं नाव देऊन राहिले न?" सुहासिनीने लाजत विचारलं.

"तुझ्या नावानं नोकरी पक्की होते काय वं?"

नाव दिलं प्राचार्य विश्वनाथरावांचं. साहेब लोण्यासारखे विरघळले. "सत्कार ठेवू! हे चित्र मोठ्ठं करून घेऊ!" म्हणत त्यांनी मधुसूदनच्या टेबलावरची किड्याची आकृती उचलली आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या चंद्रभान पेंटरकडे धाडली.

इथेच माशी शिंकली! हे किडे तोंडावरून सगळे सारखेच. जात ओळखायची ती नराच्या मागच्या टोकावरून. मधुसूदनने महिनाभर खपून काढलेली ती आकृती फक्त त्या मागच्या टोकाची होती.

तो धापा टाकत पेंटरकडे पोचला. "चंद्रभान, हे चित्र नको गा!"

"काहून? साहेबानं पास केलं न! डोळे तेवढे नव्हते, ते मी माझ्या मनानं टाकले."

सत्काराच्या दिवशी स्टेजवर सहा फुटी बोर्ड उभा राहिला. कॉलेजचे अध्यक्ष महादेवराव यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "वा! नाक तर हुबेहूब विश्वनाथरावांचं!"

टाळ्यांचा कडकडाट! विश्वनाथरावांनी अभिमानाने नाकावरून बोट फिरवलं. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मधुसूदनला झालं. हे कळलं तर पर्मनंट सोडा, टेंपररीही जाणार!

शेजारच्या खुर्चीवर प्राचार्यांच्या पत्नी इंदूबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगा सर, याचं तोंड कोणतं?"

"तोंड... चित्रात नाहीच, बाई."

"मग हे काय होय?"

"ही... दुसरी बाजू."

इंदूबाईंनी बोर्डाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. पदर तोंडात गेला आणि खांदे गदगदा हलू लागले. बाईंना गहिवरून आलं असं समजून फोटोग्राफरने फोटोही काढला!

"सांगून टाकू काय साहेबांना?" मधुसूदन रडकुंडीला आला.

"खबरदार! त्यायच्या नाकाले आजवर कोणी चांगलं म्हटलं नव्हतं जी. खुश होऊन राहिले, होऊ द्या!"

आठवड्यात पर्मनंटची ऑर्डर हातात पडली. बोर्ड प्राचार्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत लागला. आता दरवर्षी सत्काराच्या तारखेला मधुसूदनला तिथे जेवण असतं. पाटावर बसण्याआधी बोर्डाला वाकून नमस्कार करावा लागतो, आणि तो मुकाट्याने करतो.

परवा विश्वनाथरावांना फारच भरून आलं. "मधुसूदन, यंदा एखादा किडा आमच्या इंदूबाईच्या नावाचाही होऊन जाऊ दे गा!"

स्वयंपाकघरात झारा खणकन पडला.

"काही गरज नाही जी!" आतून इंदूबाई ओरडल्या. "मी आपली बिनकिड्याचीच बरी!"