फौजदारांच्या पोटातला नीरो

बशीत बर्फाचा खडा, खड्याखाली नीरो आणि समोर डोळे बारीक करून बसलेले भूगोलाचे मास्तर, असा बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर प्रकार चालला होता. नीरो म्हणजे रोमच्या त्या बदनाम बादशहाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं. चांदी अस्सल असली की तिच्यावरचा बर्फ भराभर वितळतो, असं मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. हा बर्फ रेंगाळतोय असं त्यांना वाटत होतं. पण नुसतं वाटून भागत नाही, मोजायला हवं, म्हणून ते सेकंदकाट्याचं घड्याळ आणायला आतल्या खोलीत गेले.

खरं तर नाणं त्यांचं नव्हतंच. ते होतं नाणेमंडळाच्या अध्यक्षांचं. हे गृहस्थ जन्मभर दंतवैद्य होते आणि लोकांचे दात काढून काढून त्यांनी रोमन नाणी जमवली होती. मंडळातले लोक त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘सम्राट’ म्हणत. आठ वर्षं मंडळाच्या खुर्च्या मांडल्यावर आणि उचलल्यावर मास्तरांना येत्या रविवारी पहिल्यांदाच निबंध वाचायला मिळणार होता, विषय हाच नीरो. अभ्यासापुरतं नाणं देताना सम्राटांनी लेकीची पाठवणी करावी तशा सूचना दिल्या होत्या. कडेनंच धरायचं, पुसायचं नाही, पाणी लावायचं नाही, बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नाही. मास्तरांनी प्रत्येक सूचनेला मान डोलावली होती. पण घरी भिंग लावून पाहिलं तर कडेला एक बारीक चीर, आणि चिरेच्या आत चांदीऐवजी काहीतरी निळसर राखाडी दिसलं. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना.

इकडे मास्तर घड्याळ शोधत असताना सासरे उन्हातून घरात आले. सासरे निवृत्त फौजदार, लेकीकडे आठवडाभर राहायला आलेले. जावयाच्या छंदाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. बाजारात न चालणारं नाणं जपून ठेवणारा माणूस एक तर भोळा असतो, नाहीतर आरोपी. घसा कोरडा पडलेला, समोर बशीत आयता बर्फ. त्यांनी खडा उचलून पेल्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि गटागट संपवलं. बंदोबस्तावर पाणी मिळेल तेव्हा एका दमात प्यायची सवय तीस वर्षांची, ती काय अशी सुटते.

मास्तर घड्याळ घेऊन आले. बशी रिकामी.

"बाबा, इथला बर्फ?"

"प्यायलो. शेवटी काहीतरी टणक लागलं घशाला. तुमचा फ्रीज तपासून घ्या, जावईबापू."

खड्याच्या तळाला चिकटलेला नीरो खड्यासकट गेला होता. मास्तरांनी तरीही एकदा बशी उलटी करून पाहिली.

पोटाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. सासऱ्यांच्या जठरात एक गोल गरगरीत बादशहा आरामात पहुडलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आपसूक बाहेर येईल, लक्ष ठेवा, नाहीच आलं तर शनिवारी या. मास्तरांनी मात्र काकुळतीला येऊन एकच विचारलं.

"डॉक्टर, जठरातलं आम्ल फार तीव्र असतं का हो?"

"पेशंटला त्याची सवय असते."

"पेशंटचं नाही विचारत मी."

हे वाक्य बायकोनं ऐकलं. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि घरी आल्यावर थांबली नाही. बापाच्या पोटात धोंडा पडलाय आणि या माणसाला धोंड्याची काळजी, हा तिचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. मास्तरांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून रविवार काही पुढं जात नव्हता.

लक्ष ठेवण्याचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी रबरी हातमोजे, जुनी चाळणी आणि नाकाला रुमाल अशा तयारीनं जे संशोधन केलं, ते कुठल्याही निबंधात घालण्यासारखं नव्हतं. न्हाणीघराच्या दारातून सासरे सूचना देत. आयुष्यभर लोकांच्या घरांची झडती घेतली, स्वतःची झडती पहिल्यांदाच होतेय, म्हणाले. नीरो काही सापडला नाही. उलट सासऱ्यांच्या पोटात जळजळ सुरू झाली. नीरोच्या राज्यात रोम जळलं, तेच आता तुमच्या वाट्याला आलंय, असं मास्तर सहानुभूतीनं सांगायला गेले, तर बायकोनं त्यांना खोलीबाहेर काढलं.

शनिवारी पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो पहिल्या फोटोशेजारी धरला. गोल आता गोल राहिला नव्हता. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि मध्ये दोन भोकं पडली होती.

"चांदीचं म्हणाला होतात ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. "चांदीला पोटातलं आम्ल काही करत नाही. हे जस्त आहे. वर नुसता मुलामा."

सासऱ्यांनी पडल्यापडल्या मान वर केली. "म्हणजे खोटं नाणं?"

"खोटं, बाबा," मास्तर म्हणाले.

"तीस वर्षांत एवढा पक्का पुरावा मी नव्हता दिला कुणाला," फौजदार म्हणाले, आणि त्यांना इतकं समाधान वाटलं की घशातून नळी घालताना त्यांनी कुरकूरसुद्धा केली नाही. जस्त पोटात ठेवणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी ते तिथल्या तिथं काढलं. सासरे सुखरूप होते. नीरोचं नाक, हनुवटी आणि अर्धी मान मात्र गेली होती.

रविवारी मंडळी जमायच्या तासभर आधी मास्तर सम्राटांच्या घरी पोचले. आता आठ वर्षांच्या खुर्च्याही गेल्या, हे गृहीत धरूनच त्यांनी बर्फापासून नळीपर्यंत सगळं सांगितलं, नाण्याचा उरलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि दोन्ही फोटो पुढे केले. सम्राटांनी ते जुन्या सवयीनं खिडकीच्या उजेडात धरले आणि किडका दात बघावा तसे निरखले.

"मी घामाचा थेंब लावू नका म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही हे जठरात ठेवलंत. तीन दिवस."

"हो साहेब."

मग ते उठले, दाराला कडी घातली, कपाटातून मखमली पेटी काढली आणि उघडून मास्तरांसमोर ठेवली. आत चांदीचे आणखी सहा बादशहा ओळीनं बसले होते.

"ही सहाही नीरो विकणाऱ्या त्याच माणसाकडून घेतलीत," सम्राट आवाज खाली आणून म्हणाले. "मंडळात चर्चा नको. तुमचे सासरे अजून आहेत ना इथं?"

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, सम्राटांकडे पाहिलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांच्यासमोर न विचारता खुर्चीत बसले.

"आहेत," ते म्हणाले. "पण सध्या पथ्यावर आहेत."