कुंपणवाल्याचा गुलाब

मानेकाकांचं घरातल्या पंख्याशी वैर आहे. एका एप्रिलमध्ये शारदाकाकू सहज बोलून गेल्या, "ह्या घरात निमूट काम करणारा एवढा एकच." त्या दिवसापासून काका पंख्याखाली बसलेले नाहीत. मागच्या खोलीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसतात, बनियन घामानं चिकटलेला, चेहरा करारी. "आम्ही शिलेदार माणसं," ते मला म्हणाले. "माघार नाही."

शिलेदार होते ते त्यांचे खापरपणजोबा, म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात. काकांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढली आणि घोड्यावर बसले ते फक्त लग्नात. पण पवित्रा कायम लढाईचा. काकूंनी ज्याचं कौतुक केलं तो शत्रू. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या आचाऱ्याचा हात हलका आहे असं त्या म्हणाल्या, तर काकांना तिथली इडली जड जाऊ लागली. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याचा आवाज त्यांना गोड वाटला, तर रेडिओ नेमका बातम्यांच्या वेळी बिघडू लागला.

आम्ही म्हैसूरच्या विजयनगरात त्यांच्या शेजारी राहतो, गच्चीला गच्ची लागून. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना. संपाची, हुंडाबंदीची, पाणीपट्टीविरोधी पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. काका मला नावानं हाक मारत नाहीत. "काय पत्रक, आज कुणाचा धिक्कार?" असं विचारतात. एकदा मी त्यांचाच केला. "काका, बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे!"

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मालमत्ता असती तर कुलूप लावून निवांत झोपलो नसतो का, पत्रक?"

मी घरी जाऊन सगळी पत्रकं पुन्हा चाळली.

पंखा, आचारी, रेडिओ हे किरकोळ शत्रू. खरा शत्रू बंगळूरला होता, नाव राजण्णा. काकूंचं माहेर लालबागेजवळचं. राजण्णा कुंपणापलीकडचा मुलगा, कुंपणावरून फुलं द्यायचा. पुढं त्यानं रोपवाटिका काढली. लालबागेत वर्षातून दोनदा पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा फाटकाबाहेर तो रोपं मांडून बसतो. काका त्याचं नाव उच्चारत नाहीत. "तो कुंपणवाला," म्हणतात, तेही खिडकीकडे बघत.

काही वर्षांपूर्वी काकू भाचीच्या बारशाला बंगळूरला गेल्या आणि येताना कुंपणवाल्यानं दिलेलं पांढऱ्या गुलाबाचं कलम घेऊन आल्या. काकांनी कुंडी उचलली आणि गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीखाली ठेवली, जिथं ऊन कधीच पोचत नाही. त्यांची स्वतःची वेताची खुर्ची मात्र पूर्वेच्या कठड्याशी, कोवळ्या उन्हात. तिथून गुलाबाची हलाखी छान दिसायची.

मग काकूंचे गुडघे गेले. जिना बंद झाला. त्या खालूनच विचारू लागल्या, "आज कळी आहे का हो?" रोज, कॉफीच्या आधी. आणि काका गच्चीवरून ओरडत, "आहे, आहे! नोडी, बघच, आणतोच!"

गंमत म्हणजे तो गुलाब पुढच्या वर्षी गुलाबी झाला. त्याच्या पुढं पिवळा. मी चकित होऊन विचारलं, तर काका गंभीरपणे म्हणाले, "कावेरीचं पाणी. बंगळूरचं झाड म्हैसूरचं पाणी प्यायलं की रंग बदलतं. मी सगळी उमर पाण्यात काढली, मला विचार." पाणीपुरवठ्याच्या माणसाशी पाण्यावरून कोण वाद घालणार? मी वर्गात ही माहिती दिली आणि स्वतःचं हसं करून घेतलं. काकू मात्र ते फूल केसांत खोवत म्हणायच्या, "हो का? पाण्याचा गुण वाटतं."

तर असं हे घर, आणि प्रश्न होता एक दिवस बाहेर जाण्याचा.

दर वर्षी काकू म्हणायच्या, फुलं बघायला जाऊ. दर वर्षी काका म्हणायचे, जाऊ की, पण कुठं? ऑगस्टमध्ये लालबाग म्हटलं की ते दसऱ्यावर बोट ठेवत. म्हैसूरचं प्रदर्शन घराजवळ, आपलं, राजाच्या काळापासूनचं. दसरा आला की गर्दी फार, त्यापेक्षा मे महिन्यात उटी. मे आला की घाटात काकूंना मळमळतं. असं करत कित्येक मोसम गेले. काकूंनी प्रदर्शनातलं एकही फूल बघितलं नाही.

त्या जुलैत मात्र त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे गुडघे मला कुठं नेतील वाटत नाही. ह्या वर्षी लालबाग."

"बेडवे बेडा!" काका ओरडले. नको म्हणजे नकोच. काका निर्वाणीचं बोलतात ते कन्नडमध्ये.

मी मध्ये पडले. घराचा निर्णय एका माणसानं का घ्यावा? मतदान घ्या, तेही गुप्त. माझं म्हणणं दोघांना पटलं. मी चिठ्ठ्या कापल्या, पितळी तांब्यात टाकायला लावल्या, मग स्वतः मोजल्या. लालबाग दोन. दसरा दोन.

मतदार तीन होते.

"हे चौथं मत कुणाचं?" मी तांब्या आपटला.

"पूर्वजांचं," काका म्हणाले. "ज्यांनी घोड्यावरून राज्य राखलं, त्यांना मत नाही? वा रे लोकशाही!"

मी तावातावानं भांडत होते. काकू हसल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. "आयतु," म्हणाल्या, झालं तर मग. भिंतीला धरत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काका कुंडीशी उभे, हातात एक पिवळी कळी, कान जिन्याकडे. खालून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी कठड्याशी येऊन ते हळूच म्हणाले, "पत्रक, ती विचारत नाही ग."

"काय?"

"कळी आहे का म्हणून. तिकिटं काढ. तीन. पण अट एकच. त्याच्या फाटकानं जायचं नाही."

ऑगस्टमध्ये पहाटेच्या गाडीनं गेलो. काकूंनी मोतिया रंगाचं रेशमी पातळ नेसलं होतं. "कुणासाठी एवढं?" काकांनी विचारलं. "फुलांसाठी," काकू म्हणाल्या. त्यावर काका रामनगरपर्यंत वर्तमानपत्राआड बसले.

लालबागेत त्यांनी आम्हाला लांबच्या फाटकानं आत घेतलं. काकूंना एका हाताचा आधार, दुसऱ्या हातात उघडी छत्री. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. छत्री ढालीसारखी ज्या बाजूनं धोका त्या बाजूला कलत होती. काचघरात फुलांचा भलामोठा देखावा होता. काकू गर्दीतून मान उंचावून बघत राहिल्या. "किती सुंदर!" म्हणाल्या. काका देखाव्याकडे संशयानं बघू लागले.

बाहेर बाकावर काकूंना बसवलं आणि तेवढ्यात मागून हाक आली, "माने सर! बन्नी, बन्नी!" या, या म्हणून.

गळ्यात मफलर, पुढचे दोन दात नाहीत, पायात मातीनं भरलेल्या चपला. राजण्णा म्हणून मी मनात एखादा नाटकातला राजपुत्र धरून बसले होते. हा तर आमच्या पेपरवाल्यासारखा दिसणारा म्हातारा. रोपांची टोपली डोक्यावरून उतरवत तो कन्नडमध्ये काकांनाच म्हणाला, "ह्या वेळी उशीर केलात, सर. मागचं पिवळं तरी जगलं ना? का तेही गेलं?"

काकांनी छत्री मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

मला उमगायला थोडा वेळ लागला. पेन्शनच्या कामासाठी म्हणून काका एकटे बंगळूरला जायचे. ते काम हे होतं. टाकीखालचं पांढरं झाड मेलं होतं, आणि खाली रोज कुणीतरी कळी मागत होतं. मग हा शिलेदार बसनं निघाला, ज्याचं नाव घेत नाही त्याच्याच दारात उभा राहिला आणि झाड मागून घेऊन आला. राजण्णाकडं पांढरं नव्हतं म्हणून गुलाबी. गुलाबी गेलं म्हणून पिवळं. लालबाग नको होती ती एवढ्यासाठी. इथं आलं की हे बाहेर पडणार होतं.

"शारदा," काका म्हणाले. त्यांना मी काकूंना नावानं हाक मारताना प्रथमच ऐकलं. "ते पांढरं... मीच मारलं. उन्हात ठेवलं नाही."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "पहिलं गुलाबी फूल आणलंत तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या लांब जाऊन आणत होता. कशाला बोलू?" त्या माझ्याकडे वळल्या. "कावेरीच्या पाण्यानं ह्यांचा स्वभाव नाही बदलला, पोरी. गुलाबाचा रंग कसला बदलतोय!"

राजण्णा मोठ्यानं हसला. काकू हसल्या. मीही. मग राजण्णानं टोपलीत हात घालून एक कलम काढलं. "ह्या वेळी पांढरं आहे, अक्का."

त्यानं ते काकूंपुढं धरलं. काकांनी मध्येच घेतलं.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी झोपल्या. कलम काकांच्या मांडीवर. मी म्हटलं, "द्या इकडे, पाय अवघडतील." त्यांनी ऐकलं नाही. मंड्याच्या पुढं वारा सुटला, तेव्हा काका पुरते तिरके वळून बसले, पाठ वाऱ्याकडे.

"वारा लागतोय का तुम्हाला?"

"मला कशाला लागेल?" रोपावर रुमाल टाकत ते पुटपुटले. मग, "काय ग पत्रक, तो दिसायला बरा आहे का?"

"म्हातारा आहे, काका. दात नाहीत."

"पण हसतो मात्र मोकळा," ते म्हणाले. "तिला नेहमी मोकळं हसणारी माणसं आवडली." आणि झोपलेल्या काकूंच्या तोंडावर आलेला पदर त्यांनी दोन बोटांनी बाजूला केला.

दुसऱ्या सकाळी खालून आवाज आला, "आज कळी आहे का हो?"

"काल तर आणलं!" गच्चीवरून काका कडाडले. "एवढी घाई कसली त्याची?"

मी कठड्यावरून डोकावले. पूर्वेला, कोवळं ऊन पहिल्यांदा पडतं त्या जागी पांढऱ्या गुलाबाची कुंडी होती. वेताची खुर्ची टाकीखाली, सावलीत सरकवलेली. काका तिच्यात बसले होते, अंगावर शाल ओढून, गुलाबाकडे पाठ करून.